टॉरेंट : अनोळखी माणसांची सावड



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. ‘सर, टॉरेंट म्हणजे चोरीच ना? मग तुमच्यासारख्यांनी त्यावर बोलायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे, आणि एका वाक्यात उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून आजचा तास आपण त्यालाच देऊ. आम्ही काही संगणकाचे तज्ज्ञ नाही, आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं एकमेकांना मदत का करतात, हा आमच्याच विषयातला जुना प्रश्न. टॉरेंटच्या इतिहासात तो फार उघडपणे समोर येतो.

आधी अगदी मुळापासून पाहू. इंटरनेटवरून आपण एखादी फाइल उतरवून घेतो, तेव्हा ती बहुधा एका मोठ्या संगणकावरून येते. त्याला सर्व्हर म्हणतात. रेशनच्या दुकानाची एकच खिडकी असावी तसं हे आहे. घेणारे वाढले की रांग वाढते. पण फाइल म्हणजे काही साखर नव्हे, दिली म्हणून ती संपत नाही. ज्याला मिळाली तोही पुढच्याला देऊ शकतो. मग रांगेतल्या माणसालाच देणारा का करू नये? ‘पीअर टू पीअर’, म्हणजे बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना देणं, ही कल्पना एवढीच आहे.

तिचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे नॅपस्टर. १९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन अमेरिकन मुलाने तो सुरू केला. गाणी लोकांच्या संगणकांवर असायची, पण कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. यादी एका जागी होती, तिथेच कुलूप लागलं.

दरम्यान मार्च २००० मध्ये नुटेला नावाची दुसरी पद्धत आली. तिच्यात मध्यवर्ती यादीच नव्हती. प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्याला विचारणार, तो त्याच्या शेजाऱ्याला. सरकार नाही, मालक नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला आनंद व्हावा अशी व्यवस्था! पण त्याच वर्षी एतान आदार आणि बर्नार्डो ह्युबरमन या दोन संशोधकांनी तिथली वर्दळ मोजली. जवळपास ७० टक्के लोक काहीच देत नव्हते, नुसते घेत होते. विचारणांना मिळणाऱ्या उत्तरांपैकी जवळपास निम्मी फक्त १ टक्का संगणकांकडून येत होती. म्हणजे बघा, मालक गेला तरी फुकटेपणा काही गेला नाही. सार्वजनिक नळापाशी, सोसायटीच्या जिन्यात आपण रोज जे पाहतो, तेच इथेही.

आता टॉरेंट. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २ जुलै २००१ रोजी बिटटॉरेंटची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ‘लोकांनी उदार व्हावं’ असा उपदेश त्याने केला नाही. घेता घेता देणं भाग पडेल अशी रचना केली.

ती कशी, ते पाहू. फाइलचे लहान लहान तुकडे करायचे. सुरुवातीच्या काळात एक तुकडा साधारण २५६ किलोबाइटचा असे, म्हणजे ७०० मेगाबाइटच्या सीडीचे २८०० तुकडे. ‘टॉरेंट’ नावाची जी चिमुकली फाइल आपण आधी घेतो, तिच्यात मूळ मजकूर नसतोच. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. तुकडा कोणाकडूनही येवो, ठसा जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकून द्यायचा. देणारा सज्जन आहे की लबाड, हे विचारण्याची गरजच उरत नाही. कोणाकोणाकडे ती फाइल आहे हे सांगणारा एक संगणक असतो, तो ट्रॅकर. ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत तो सीडर, म्हणजे बी पेरणारा. ज्याचे अजून जमायचे आहेत तो लीचर, शब्दशः जळू! (हशा) पण ही जळूसुद्धा आपल्याकडे आलेला तुकडा लगेच दुसऱ्याला देऊ लागते. शिवाय समूहात जो तुकडा सर्वांत दुर्मीळ असेल, तो साधारणपणे आधी मागायचा असा नियम आहे. त्यामुळे कोणताही तुकडा एकाच्याच हातात अडकून राहण्याचा धोका कमी होतो.

द्यायचं कोणाला? कोहेनचा नियम असा होता : जे मला सर्वांत वेगाने देतात, अशा साधारण चौघांना मी देणार, आणि दर १० सेकंदांनी हा हिशेब पुन्हा करणार. मराठीत ‘जशास तसे’ म्हटलं की सूडाचा वास येतो. इथला अर्थ वेगळा आहे. १९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने सहकार्याच्या डावपेचांची संगणकावर स्पर्धा भरवली होती. तीत अनातोल रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा प्रोग्राम जिंकला : पहिल्यांदा सहकार्य कर, नंतर समोरचा जसा वागेल तसं वाग. कोहेनने हाच धडा घेतला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. सावड म्हणजे दुसरं काय? आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. फरक एवढाच की सावडीत माणूस ओळखीचा असतो आणि हिशेब गावाच्या लक्षात राहतो. इथे गाव नाही, म्हणून हिशेब प्रोग्राम ठेवतो.

पण ज्याच्याकडे बैलच नाहीत त्याने काय करायचं? नवा माणूस आला, त्याच्याकडे एकही तुकडा नाही, तो देणार काय? नुसतं ‘जशास तसे’ ठेवलं तर तो कायमचा दारात उभा राहील. म्हणून कोहेनने आणखी एक नियम घातला : दर ३० सेकंदांनी कोणा एकाला, त्याने काही दिलेलं नसलं तरी, देऊन पाहायचं. आम्हाला हा नियम फार मोलाचा वाटतो. हिशेबावर चालणाऱ्या व्यवस्थेलाही सुरुवातीला कुठेतरी बिनहिशेबी द्यावं लागतं.

आणि शेवटालाही. आपले २८०० तुकडे पूर्ण झाले की आपल्याला कोणाची गरज उरत नाही. खिडकी बंद केली तर कोणताही नियम आपल्याला अडवत नाही. प्रोग्रामची सक्ती गरज असेपर्यंतच चालते, त्यापुढे प्रश्न नीतीचा होतो. सगळे सीडर निघून गेले आणि उरलेल्यांत मिळूनही एखादा तुकडा कमी पडला, तर नव्या माणसाची फाइल ९० टक्क्यांवर, ९९ टक्क्यांवर अडकून बसते. त्याला टॉरेंट मेलं असं म्हणतात. कोणीतरी काही मिळणार नसताना संगणक चालू ठेवतो, म्हणून ते जगतं.

आता चोरीकडे येऊ, कारण ती टाळून चालणार नाही. या साधनाचा फार मोठा वापर चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर विनापरवाना वाटण्यासाठी झाला. २००३ साली स्वीडनमध्ये ‘द पायरेट बे’ सुरू झालं. ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी त्याचे सर्व्हर जप्त केले, काही दिवसांत ते पुन्हा उभं राहिलं. एप्रिल २००९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने चौघांना एक वर्षाची कैद आणि ३ कोटी क्रोनर भरपाई ठोठावली. अपिलात कैद कमी झाली, भरपाई वाढली. ‘आमच्याकडे एकही चित्रपट नाही, फक्त वाटा दाखवतो’ हा बचाव टिकला नाही. त्याआधी जून २००५ मध्ये ग्रोकस्टर या तशाच दुसऱ्या सेवेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, उल्लंघनाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन वाटणारा जबाबदार ठरतो. तिथे दोष हेतूला लागला, तंत्राला नाही.

नवशिक्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. टॉरेंटमध्ये घेणारा त्याच वेळी वाटणाराही असतो. ‘मी फक्त पाहण्यापुरतं घेतलं’ हे तांत्रिकदृष्ट्याच खरं नसतं. आपला आयपी पत्ता समूहातल्या इतरांना दिसतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. आणि हॅशची मर्यादाही ओळखा. तुकडा मूळ फाइलशी जुळतो, एवढंच तो सांगतो. मूळ फाइलच विषारी असेल, तर विषही अगदी अचूक पोहोचतं.

मग सुरुवात कुठून करावी? उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणाली आणि लिबरऑफिस आपल्या अधिकृत ठिकाणी स्वतःच टॉरेंट देतात. इंटरनेट आर्काइव्हही २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या फायली असे देतं. वाटायला मुक्त असलेलं काहीतरी घ्या, आणि पूर्ण झाल्यावर खिडकी लगेच बंद करू नका. निदान जेवढं घेतलं तेवढं परत जाईपर्यंत थांबा.

तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं : दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू त्याच्या परवानगीविना वाटणं गैरच, मग ती टॉरेंटने वाटा की पेन ड्राइव्हने. पण वाटण्याची ही रीत म्हणजे चोरी नव्हे. फुकट्यांच्या गर्दीतून सावड कशी उभी करावी, याचा तो एक खरा प्रयोग आहे. त्यात काय वाटायचं आणि आपलं काम झाल्यावर किती वेळ थांबायचं, हे दोन निर्णय कोहेनने आपल्यावरच सोडले आहेत.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.