डीबगरला स्वतःची कमांड कशी शिकवतात? बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या आत काय दिसतं?

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी असो, संगमनेर असो की कोपरगाव, इंजिनिअरिंग कॉलेजात सी भाषा शिकणाऱ्यांना स्क्रीनवर कधी ना कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट' ही ओळ दिसतेच. प्रोग्रॅम बंद पडतो. पण का बंद पडला, हे ती ओळ सांगत नाही.

ते शोधायचं साधन म्हणजे डीबगर. त्याला आपण स्वतःच्या कमांडही शिकवू शकतो. कशा, ते समजून घेऊया.

डीबगर काय करतो?

चालू असलेल्या प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात. डीबगर ही प्रोसेस मध्येच थांबवून तिची मेमरी वाचतो. लिनक्सवर सर्वाधिक वापरला जाणारा डीबगर म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1986 मध्ये लिहिला. तो मोफत आहे.

त्यात 'इन्फो प्रॉक मॅपिंग्ज' नावाची कमांड आधीपासून आहे. ती प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवते. हा नकाशा सातबाऱ्यासारखा असतो. कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंतचा तुकडा कोणाचा, आणि तिथे वाचायचा, लिहायचा की कोड चालवायचा हक्क आहे, हे त्यात कळतं.

मग नवी कमांड कशाला?

कारण नकाशात अनेक ओळी असतात आणि पत्ते लांबलचक आकड्यांत. आपला प्रश्न मात्र एकच असतो: प्रोग्रॅम ज्या पत्त्यावर अडखळला, तो कोणत्या तुकड्यात येतो?

पत्ता शून्य किंवा शून्याजवळ असेल, तर बहुतेक वेळा पॉइंटर रिकामा होता. तुकडा फक्त वाचण्यासाठी असेल आणि प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला असेल, तर चूक वेगळी. पत्ता स्टॅकच्या सीमेबाहेर जेमतेम गेला असेल, तर स्वतःलाच बोलावत राहणाऱ्या फंक्शनवर संशय घ्यावा.

हे दर वेळी डोळ्यांनी शोधण्यापेक्षा एका कमांडमध्ये बांधता येतं. 'व्हीएमएमॅप' नावाची अशी कमांड जीईएफ आणि पीडब्ल्यूएनडीबीजी या जीडीबीच्या लोकप्रिय जोड-साधनांत तयार मिळते.

कमांड कशी जोडतात?

दोन मार्ग आहेत. जुना मार्ग 'डिफाइन'चा: नेहमीच्या कमांडची यादी एका नावाखाली बांधायची. दुसरा मार्ग पायथनचा, जो 2009 मधल्या 7.0 आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

पायथनमध्ये जीडीबीच्या 'कमांड' क्लासवरून आपला क्लास बनवायचा, कमांडला नाव द्यायचं आणि 'इन्व्होक' फंक्शनमध्ये काम लिहायचं. फाइल 'सोर्स' कमांडने चढवली की नवी कमांड तयार.

इथे एक चूक सहज होते. लिनक्स प्रत्येक प्रोसेसची माहिती 'प्रॉक' फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणून आपली कमांड थेट तिथूनच वाचते. पण प्रोसेस मेली की तो फोल्डर जातो. हातात उरते फक्त कोअर फाइल. प्रोसेस दुसऱ्या मशीनवर असेल, तर त्याच क्रमांकाची आपल्या मशीनवरची भलतीच प्रोसेस वाचली जाऊ शकते! त्यामुळे जीडीबीच्याच 'इन्फो प्रॉक मॅपिंग्ज'चं उत्तर घेऊन त्यावर काम करणं जास्त भरवशाचं.

धोका काय?

डीबगरला प्रोसेसची सगळी मेमरी दिसते. त्यात पासवर्डही असू शकतो. म्हणूनच उबुंटूमध्ये आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला साध्या युजरने डीबगर जोडायचा प्रयत्न केला, तर सहसा परवानगी नाकारली जाते.

हाच नियम कमांडलाही लावा. पायथनची फाइल चढवणं म्हणजे तो कोड तुमच्या नावाने चालवणं. त्यामुळे कुणी ग्रुपवर पाठवलेली फाइल आधी उघडून वाचा, मगच जीडीबीत चढवा.