जर-तरच्या कथा आणि आपले पानिपत

‘असे झाले असते तर?’ असा सूर कोणी लावला, की आपल्याकडील वडीलधारी माणसे त्याला एका वाक्यात गप्प करतात. आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटले असते! इतिहासाच्या वर्गातही हाच दंडक चालतो. जे घडले ते सांगावे, त्याची कारणे द्यावीत, सनावळी पाठ करून घ्यावी; जे घडलेच नाही त्याची चर्चा करू नये. परंतु पानिपतचा धडा निघाला, की कोणत्याही मराठी वर्गात एखादा तरी मुलगा हात वर करून विचारतोच, “गुरुजी, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?” आणि त्या क्षणी साऱ्या वर्गाचे लक्ष जितके एकवटते, तितके ते सनावळीकडे कधीच एकवटत नाही.

श्रोतेहो, ह्याच प्रश्नावर उभी असलेली कथासाहित्याची एक संपन्न शाखा आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा ह्या तीन बहिणींच्या कुटुंबात ती वाढली. तिला आपण सोयीसाठी जर-तरची कथा म्हणू. इतिहासातील एक सांधा लेखक हलकेच बदलतो आणि मग रूळ कोठे कोठे जातात ते पाहत राहतो. ह्या शाखेतील काही वाचनीय ग्रंथांची आणि प्रेक्षणीय मालिकांची आज आपणांस ओळख करून द्यावी, असा माझा मानस आहे.

ही कल्पना नवी नव्हे. रोमन इतिहासकार लिव्ही ह्याने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात मध्येच थांबून विचारले आहे, की शिकंदर पूर्वेकडे न जाता रोमवर चालून आला असता तर? लिव्हीचे उत्तर ठरलेलेच होते: रोमच जिंकले असते. म्हणजे जर-तरच्या पहिल्या मोठ्या उदाहरणातच ह्या प्रकाराचा मुख्य दोष दिसून येतो. माणूस न घडलेल्या इतिहासात शिरतो, तो बहुधा स्वतःची पाठ थोपटून घेण्यासाठी. पुढे १८३६ साली लुई जेफ्रॉय नावाच्या फ्रेंच लेखकाने नेपोलियनने सारे जग जिंकल्याचा एक ग्रंथच लिहिला. पराभवाचे शल्य कागदावर भरून काढण्याचा तो उद्योग होता.

ह्याच्या उलट जातीचे एक उदाहरण विन्स्टन चर्चिल ह्यांचे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधसंग्रहात त्यांनी अमेरिकेतील यादवी युद्धावर लिहिले. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती ली हरला, हे आपण जाणतो. चर्चिल मात्र ली जिंकला अशा जगातील इतिहासकाराची भूमिका घेतात आणि तो इतिहासकार विचारतो, की ली जिंकला नसता तर काय झाले असते? वाचक क्षणभर गोंधळतो आणि मग त्याच्या ध्यानी येते, की आपण ज्याला अटळ सत्य म्हणतो, ते दुसऱ्या एखाद्या जगाच्या दृष्टीने निव्वळ कल्पनाविलास ठरले असते. ह्या साहित्यप्रकाराचे खरे सामर्थ्य येथे आहे.

आता मराठीकडे येऊ. डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ लेखक म्हणून लाभला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांपैकी कोणती प्रथम वाचावी असे मला विचाराल, तर मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हेच नाव घेईन. तिचे इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ ह्या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेल्यामुळे देशभरातील लक्षावधी मुलांनी ती वाचली आहे. मराठी घरांतील वडीलमंडळींनी मात्र ती वाचली असेलच असे नाही.

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे व्यासंगी. पुण्याहून मुंबईस गाडीने येता येता त्यांच्या लक्षात येते, की हे जग आपले नव्हे. येथे इंग्रजांचे राज्य मुंबईसारख्या एखाद्या ठिकाणापुरतेच उरले आहे; बाकीचा देश कधी गुलाम झालेलाच नाही. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन ते स्वतःच्याच इतिहासग्रंथाचे खंड चाळतात. शेवटच्या खंडात फरक सापडतो: पानिपतावर मराठे जिंकले आहेत. भाऊसाहेबांच्या बखरीत पाहतात, तो विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून गेलेली! एवढ्याशा अंतराने सारा हिंदुस्थान बदललेला आहे.

कथा येथेच संपती, तर ती लिव्हीच्याच पंक्तीला बसली असती. परंतु नारळीकर गंगाधरपंतांना ह्या विजयी जगात सुखाने राहू देत नाहीत. मुंबईत आपला मुलगा जेथे नोकरीस असतो, त्या कचेरीत ते चौकशी करतात. त्या नावाचा कोणी मनुष्य तेथे नाही. संध्याकाळी आझाद मैदानावरील एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. आयुष्यभर अध्यक्षपद भूषविलेले गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते संतापतात. कारण त्या जगात अध्यक्ष नेमण्याची प्रथा केव्हाच मोडीत निघाली आहे. अंडी आणि टोमॅटोंच्या वर्षावात ते दिसेनासे होतात आणि आपल्या ओळखीच्या जगात परत येतात. खिशात बखरीचे एक फाटके पान तेवढे उरलेले असते.

शेवटी त्यांचा शास्त्रज्ञ मित्र उलगडा करतो. त्याचा एक आधार आहे तो कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्ताचा: परिस्थितीत अत्यल्प बदल झाला तरी परिणामात प्रचंड उलथापालथ होऊ शकते. दुसरा आधार पुंज-भौतिकीचा: एखादा सूक्ष्म कण पुढच्या क्षणी नेमका कोठे असेल, हे निश्चयाने सांगता येत नाही, शक्यता अनेक असतात आणि प्रत्यक्षात एकच आपल्या वाट्यास येते. इतिहासासही हेच लागू असेल तर, असा त्या कथेचा प्रश्न आहे. मला मात्र त्याहूनही महत्त्वाची वाटते ती त्या मुलाची अनुपस्थिती. जो पराभव पुसून टाकावा असे आपणांस वाटते, त्या पराभवाबरोबर आपली स्वतःची माणसेही पुसली जातात. चांगल्या जर-तरच्या कथेची कसोटी हीच, की ती इच्छा पुरी करते आणि तिची किंमतही वसूल करते.

आता ह्या कसोटीला आपण आपलाच इतिहास लावून पाहू. ‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण आजही विनोदाने म्हणतो. त्या विनोदाखाली अडीच शतकांचे दुःख दडले आहे. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, रिकामी अंबारी पाहून फौजेने धीर सोडला, असे परंपरा सांगते. परंतु एका गोळीने लढाई गेली, असे म्हणणे सोपे असले तरी पुरेसे नाही. अब्दालीने आणि नजीबखानाने रसद तोडली होती. छावणीत माणसे आणि जनावरे आठवड्यांमागून आठवडे उपाशी होती. बरोबर यात्रेकरूंचा आणि बायकामुलांचा मोठा लवाजमा होता. उत्तरेतील मित्र दुरावले होते. गोळी चुकली असती, तरी भूक चुकली नसती. कथा एका क्षणावर बोट ठेवते. इतिहास त्या क्षणामागचे महिने मोजतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे. त्यासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ आणि विश्वास पाटील ह्यांची १९८८ ची ‘पानिपत’ ही कादंबरी हाताशी असावी. आशुतोष गोवारीकर ह्यांचा २०१९ चा ‘पानिपत’ हा चित्रपटही पाहण्याजोगा आहे. मात्र तो ग्रंथांनंतर पाहावा.

शिवाय पानिपतानंतर काय झाले, हे आपण इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील मराठी माणसांनी तरी विसरता कामा नये. त्या रणांगणावर मल्हारराव होळकर होते, दमाजी गायकवाड होते, महादजी शिंदे होते. पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या पदरी असलेला आणि शेवटपर्यंत भाऊंशी इमान राखणारा इब्राहिमखान गारदी तेथेच गेला. महादजींचा पाय कायमचा जायबंदी झाला. त्याच महादजींच्या काळात, १७७१ साली, दिल्लीवर पुन्हा मराठ्यांचा अंमल बसला. १७६७ ते १७९५ ह्या काळात अहिल्याबाईंनी माळव्यात जो राज्यकारभार केला, त्याची आठवण आजही घाट, मंदिरे आणि धर्मशाळा देतात. पानिपतावर जय मिळाला असता, तर महादजी महादजी झाले असते काय आणि अहिल्याबाईंवर तो भार आला असता काय? कोणी सांगावे! आपली ही गावे, येथील मराठी शाळा, ग्रंथालये आणि गणेशोत्सव हे सारे, जे घडले त्याची लेकरे आहेत.

गोव्याचेही असेच आहे. १५१० च्या आरंभी अल्बुकर्कने गोवे घेतले. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावून लावले. पावसाळा सुरू झालेला, मांडवीच्या मुखातून गलबते बाहेर पडेनात, शिधा संपत आलेला. त्या दोन-तीन महिन्यांत एखादे मोठे वादळ झाले असते, तर पोर्तुगीज आरमार तेथेच बुडाले असते. तसे झाले नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवे पुन्हा जिंकले आणि ते १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. त्या राजवटीत देवळे पडली. १५६० साली इन्क्विझिशन आले. अनेक घराण्यांनी देव पाठीवर घेऊन नदीपार स्थलांतर केले. हे विसरून चालणार नाही आणि त्याचे समर्थन तर करवतच नाही. परंतु त्याच राजवटीत १५७९ साली एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू, फादर स्टीफन्स, गोव्यास आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. मी जन्माने ख्रिस्ती आणि भाषेने मराठी. मांडवीत ते आरमार बुडाले असते, तर माझे पूर्वज आपल्या जुन्या दैवतांपुढेच हात जोडत राहिले असते, ख्रिस्तपुराण लिहिले गेले नसते आणि आज आपणांशी बोलणारा हा मनुष्यही बहुधा नसता. इतिहासातील अन्याय मी अन्यायच म्हणेन. पण तो खोडून टाकण्याची इच्छा करताना माझी लेखणी थबकते, कारण त्या ओळीत माझेही नाव आहे.

म्हणून ज्या कथा नुसते समाधान विकत नाहीत, त्या वाचाव्यात. अमेरिकन लेखक फिलिप के. डिक ह्यांची १९६२ ची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी घ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान जिंकले आहेत, अमेरिकेचे तुकडे झाले आहेत आणि त्या जगात एक बंदी घातलेली कादंबरी लोक चोरून वाचतात. तिच्यात दोस्तराष्ट्रे जिंकलेली असतात! तिच्यावरील मालिका २०१५ ते २०१९ ह्या काळात प्राइम व्हिडिओवर आली. तिच्यात हिंसा बरीच आहे. मुलांपुढे लावू नये. किम स्टॅन्ली रॉबिन्सन ह्यांची २००२ ची ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’ ही कादंबरी आपणांस अधिक जवळची वाटेल. चौदाव्या शतकातील प्लेगने युरोप जवळजवळ निर्मनुष्य झाला, अशी तिची कल्पना. मग जगाचा इतिहास चीन, इस्लामी देश आणि हिंदुस्थान घडवितात आणि पुनर्जन्माच्या धाग्याने तीच पात्रे शतकानुशतके पुन्हा पुन्हा भेटतात. ग्रंथ मोठा आहे, सुट्टीत वाचावा. घरातील सर्वांनी मिळून काही पाहायचे असल्यास २०१९ साली सुरू झालेली ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिका मोठ्या मुलांसह पाहावी. १९६९ साली चंद्रावर पहिले पाऊल रशियाने टाकले, एवढाच बदल. परंतु त्यामुळे अंतराळाची शर्यत थांबतच नाही आणि अमेरिकेला स्त्री अंतराळवीरही कितीतरी आधी पाठवावे लागतात. हरल्यामुळे एखादे राष्ट्र सुधारू शकते, हे तिच्यातून सुचते.

ह्या सर्वांत नारळीकरांची कथा आकाराने सर्वांत लहान आहे. एका बैठकीत वाचून होते. आपल्या गावच्या वाचनालयात त्यांचे कथासंग्रह असतील, तर ह्या आठवड्यात ती कथा घरातील मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. मग त्याला विचारा, की गंगाधरपंतांनी त्या जगातच राहायला हवे होते काय? जो ‘हो’ म्हणेल, त्याला त्यांच्या मुलाची आठवण करून द्या. जो ‘नाही’ म्हणेल, त्याला पानिपतावर उपाशी लढलेल्यांची. दोन्ही उत्तरे ज्याला अवघड वाटतील, त्याला इतिहास कळू लागला असे खुशाल समजावे.