पोळ्यातल्या भाकरीची कुळकथा

मधमाश्यांच्या पोळ्यात अळ्यांच्या घरांना लागून असलेल्या काही षट्कोनी घरांत पिवळ्या, नारिंगी, करड्या थरांचा जो घट्ट लगदा दिसतो, त्याला इंग्रजीत ‘बी-ब्रेड’ म्हणजे मधमाशीची भाकरी म्हणतात. प्रत्येक थराचा रंग वेगळ्या फुलाचा असतो, कारण कामकरी माश्यांनी मागच्या पायांवरून आणलेल्या परागात मध आणि लाळ कालवून पोळ्यातल्या माश्या तो डोक्याने ठासत थरावर थर चढवतात.

हे नाव मात्र या पदार्थाहून वेगळ्याच वस्तूचे होते. जुन्या इंग्रजीत ‘बेओब्रेड’ म्हणजे मधाने भरलेले पोळे. रोजच्या भाकरीला तेव्हा ‘ह्लाफ’ हा शब्द होता आणि ‘ब्रेड’चा मूळ अर्थ तुकडा किंवा घास असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. पुढे दोन्ही अर्थ सरकले आणि नाव परागावर स्थिरावले. रशियन भाषेत याच पदार्थाला ‘पेर्गा’ म्हणतात आणि त्याला पर्याय असलेल्या ‘ख्लेबिना’ या शब्दातही भाकरीच आहे.

पदार्थाची ओळख पटायला त्याहून अधिक काळ लागला. अ‍ॅरिस्टॉटलने अंजिरासारख्या गोडीच्या ‘केरिन्थॉस’ या माश्यांच्या अन्नाचा उल्लेख केला खरा, पण माश्या ते मेणाप्रमाणेच पायांवरून आणतात असे लिहिले. पायांवरचा पराग म्हणजे मेण, हा समज इतका चिवट होता की अठराव्या शतकात रेओम्यूरसारखा साक्षेपी निरीक्षकही परागाला कच्चे मेणच समजत होता. 1792 मध्ये जॉन हंटर यांनी मेण माशीच्या पोटाखालून स्रवते हे दाखवले. दृष्टी गमावलेले फ्रांस्वा ह्युबर यांनी आपला सेवक ब्युर्नेन्स याच्या डोळ्यांनी प्रयोग केले, तेव्हा नुसत्या मधावर ठेवलेल्या माश्यांनी मेण केले, नुसत्या परागावरच्यांनी केले नाही, आणि परागावाचून अळ्या वाढत नाहीत हेही दिसले. पराग हे अन्न आहे, ही गोष्ट त्यांच्या चिकाटीने सिद्ध झाली.

पोळ्यात साठवलेला पराग आंबतो आणि आंबल्याने त्याचा कस वाढतो, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. कर्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठवलेल्या परागात सूक्ष्मजीव अगदी थोडे आढळले, शिवाय ते साठवणीबरोबर घटत गेले. मध आणि माश्यांचे स्राव परागाला टिकवतात, त्याचा कस वाढवत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि माश्यांची पसंतीही तीन दिवसांच्या आतल्या ताज्या परागालाच असते.