सिम्प्युटर : स्पर्शपडद्याच्या इतिहासातील एक भारतीय प्रकरण

हातात मावणारे, पडद्याला स्पर्श करून चालवायचे आणि गाणी ऐकवणारे उपकरण म्हटले की बहुतेकांना सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर झालेला ॲपलचा ‘आयपॉड टच’ आठवतो. साडेतीन इंची पडदा, ८ किंवा १६ गिगाबाइट साठवण आणि उपकरण आडवे धरताच चित्रही आडवे करणारा त्वरणमापक ही त्याची वैशिष्ट्ये. मात्र स्पर्शपडदा असलेला हातातला संगणक बंगळूरमध्ये त्याआधी सहा वर्षे लोकांसमोर आला होता. त्याचे नाव सिम्प्युटर.

भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि ‘एन्कोर सॉफ्टवेअर’मधील तिघे तंत्रज्ञ यांनी १९९९ मध्ये ‘सिम्प्युटर ट्रस्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. सोपा, स्वस्त आणि बहुभाषी संगणक हे तिचे उद्दिष्ट होते. २५ एप्रिल २००१ रोजी पहिला नमुना जाहीर झाला.

त्याची तांत्रिक वैशिष्ट्ये आज किरकोळ वाटतील : २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक, ३२ ते ६४ मेगाबाइट स्मृती, ३२० × २४० बिंदूंचा पडदा आणि मुक्त लिनक्स प्रणाली. पण यांतील प्रत्येक निवडीमागे एक विशिष्ट माणूस होता. ज्याला कळफलक अपरिचित आहे, त्याच्यासाठी लेखणीने स्पर्श करायचा पडदा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी मजकूर भारतीय भाषांत मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली. ज्याला स्वतःचे यंत्र परवडत नाही, त्याच्यासाठी स्मार्टकार्डाची खाच. यंत्र साऱ्या गावाचे. कार्ड मात्र ज्याचे त्याचे, स्वतःची माहिती जपणारे. आयपॉड टच एका व्यक्तीच्या खिशासाठी घडला होता, तर सिम्प्युटर अनेकांच्या हातांतून फिरण्यासाठी.

मार्च २००४ मध्ये ‘पिकोपेटा’ आणि ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ यांनी ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणला. त्यात गाणी ऐकण्याची सोय होतीच. शिवाय हालचाल ओळखणारा त्वरणमापकही होता. मनगटाला हलका झटका दिला की पान उलटे. पहिला आयफोन येण्यास तेव्हा तीन वर्षांचा अवकाश होता.

तरीही हे यंत्र रुजले नाही. सुमारे ९,००० रुपयांत ते देण्याचा मानस होता. प्रत्यक्षात किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होऊन रंगीत पडद्यासाठी वीस हजारांपर्यंत गेली. विक्री काही हजारांवरच थांबली. उत्पादन थोडे म्हणून सुटे भाग महाग, भाग महाग म्हणून यंत्र महाग आणि यंत्र महाग म्हणून मागणी थोडी, असे हे चक्र होते. सरकारी खात्यांकडून मोठी मागणी आली असती तर ते कदाचित भेदता आले असते. कर्नाटकातील भूमी-अभिलेखांसारख्या कामांत सिम्प्युटर वापरला गेला, पण तेवढ्याने कारखाने चालत नाहीत. दरम्यान मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त झाला आणि गावकऱ्याच्या हाती प्रथम तोच पोहोचला.

एक धागा मात्र तुटला नाही. हरिहरन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘ध्वनी’ ही मजकूर वाचणारी प्रणाली मुक्त असल्याने इतर आज्ञावलीकारांनी ती पुढे वाढवली. मराठीसह अनेक भारतीय भाषांना तिने आवाज दिला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच एखाद्या उपकरणाची वैशिष्ट्ये वाचताना आकड्यांपाशी थांबू नये. हा भाग कोणाची अडचण ओळखून बसवला आहे, हेही विचारावे. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत लिखित ज्ञान कसे पोहोचवायचे, हा सिम्प्युटरने विचारलेला प्रश्न त्याच्या विक्रीच्या आकड्यांहून कितीतरी मोठा होता. तो आजही पुरता सुटलेला नाही.