चारोळीच्या बदल्यात मीठ

आमच्या झाडीपट्टीत किराणा दुकान ही फक्त सामान घ्यायची जागा नव्हती, द्यायचीही होती. शहरात वाढलेल्या भाचे-पुतण्यांना हे सांगितलं की ते गोंधळतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी सगळा एकच चंद्रपूर जिल्हा, म्हाताऱ्यांच्या तोंडी 'चांदा'. गावात दुकान एकच. पुढं मिठाचं पोतं, गूळ, रॉकेलचा पिंप, विड्यांचे कट्टे. आणि मागच्या खोलीत? अख्खं जंगल! मोहफुलं, चारोळी, हिरडा, डिंक, लाख... रोकड फार कमी लोकांकडे असायची. बायका टोपली घेऊन यायच्या, "शेटजी, मीठ द्या जी," म्हणायच्या. आमची आजीही त्यातलीच. चारोळी मापानं घेतली जायची आणि त्याच मापानं मीठ मिळायचं. माप शेटजींचं, भावही शेटजींचा.

आता चारोळी म्हणजे काय कष्ट, ते ऐका. उन्हाळ्यात चारं गोळा करायची, भिजवून चोळायची, वाळवायची, मग जात्यावर हलक्या हातानं फोडून आतला दाणा वेगळा करायचा. आज शहरात चारोळीचा छोटासा पुडा घेतानाही आपण दोनदा विचार करतो!

मग लोक असा सौदा का करायचे? अडाणी होते म्हणून? मला नाही तसं वाटत. तांदूळ शेतात होता, भाजी रानात होती, मोहाच्या बियांचं तेल घरी निघायचं. मीठ तेवढं बाहेरून यायचं, आणि समुद्र शेकडो कोस लांब. रेल्वे वडशापर्यंत, पुढं जंगलातला रस्ता. पावसाळ्यात नाले भरले की गाव तुटायचं. त्यामुळे ज्याच्याकडे मीठ, त्याचाच भाव. शेटजी वाईट नव्हते हो. अडीअडचणीला उधार द्यायचे, आजाऱ्याला गोळी द्यायचे. पण दुसरं दुकान नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आजीलाही.

सरकारनं १९६९ च्या कायद्यानं तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या नियंत्रणात घेतला. मे महिन्यात सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर नेले की मजुरी हाती पडायची. रोकड आली, पण पान कुणाचं, हा प्रश्न तसाच राहिला. जंगलात राहणारा त्याच जंगलाचा मजूर!

उत्तर यायला २००६ चा वनहक्क कायदा लागला. गौण वनोपजावर गोळा करणाऱ्याची मालकी त्यानं मान्य केली; बांबूही त्यात धरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना अडलाच होता. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकला, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं; तोडीत झाडाचं नुकसान होतं आणि फळं जातात म्हणून. 'विकायचं नाही' असं म्हणता येणं, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आजीला ते कधीच म्हणता आलं नाही. घरात मीठ संपलेलं असायचं ना!

सगळीकडे असं झालेलं नाही, हेही खरं. हक्काचा कागद हाती आला तरी चांगला भाव मिळवायला गोदाम लागतं, हिशेब लागतो, थांबायची ऐपत लागते.

जुन्या दुकानाची आठवण आली की लोक गूळ-शेंगदाण्याबद्दल लिहितात. मलाही तो वास आठवतो. पण पोरांनो, त्या वासात तुमच्या पणजीनं फोडलेली चारोळीही होती, एवढं लक्षात असू द्या.