कोल्हापूरचा चित्रपट महोत्सव आणि त्यामागची परंपरा

कोल्हापुरात चित्रपटनिर्मितीचा पाया बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव पेंटर या चित्रकारांनी घातला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

याच कंपनीत घडलेल्या दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी इतर सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. तिच्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली. शांताराम आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर हे दोघेही दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी ठरले.

या परंपरेचा धागा कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीने पुढे नेला. तिच्या कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात देशोदेशीचे चित्रपट दाखवले जातात. चित्रपटसृष्टीतील योगदानासाठी बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांच्या नावे पुरस्कारही दिले जातात. बड्या निर्मितीसंस्था मुंबई-पुण्याकडे वळल्यानंतरही जाणत्या प्रेक्षकांची ही चळवळ कोल्हापुरात टिकून राहिली.