क्रोएशियातील द्राक्षमद्य व खाद्यपरंपरा
एड्रिॲटिक समुद्रालगतच्या डाल्मेशिया या प्रदेशात द्राक्षमद्यनिर्मितीची परंपरा सु. २,४०० वर्षांची आहे. इ. स. पू. ३८४ मध्ये पारॉस येथील ग्रीकांनी ह्‌वार बेटावर वसाहत केली. त्यांनी आखलेल्या स्तारी ग्राद मैदानात द्राक्षे व ऑलिव्ह यांची लागवड अद्यापि होते. यूनेस्कोने २००८ मध्ये या मैदानाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील मळे उद्‌ध्वस्त केल्यामुळे डाल्मेशियन मद्यास मागणी वाढली. तथापि १८९१ च्या व्यापारी करारान्वये स्वस्त इटालियन मद्य ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजारपेठेत आले आणि पुढे ती कीडही या किनाऱ्यावर पोहोचली. परिणामी असंख्य शेतकऱ्यांनी परदेशी स्थलांतर केले व अनेक स्थानिक द्राक्षजाती दुर्मिळ झाल्या. कॅलिफोर्नियात नावारूपास आलेली झिनफंडेल ही जात म्हणजे स्प्लिटनजीकच्या कास्तेला परिसरात मोजक्याच वेलींच्या रूपाने उरलेली त्सर्ल्येनाक कास्तेलान्स्की होय, हे २००१ मध्ये डीएनए परीक्षणाने सिद्ध झाले. पेल्येशात्स द्वीपकल्पावरील दिंगाच हे तांबडे मद्य जिच्यापासून करतात, ती प्लावात्स माली ही जात त्सर्ल्येनाकचीच संतती आहे.

मद्य पाणी मिसळून जेवणाबरोबर घेण्याची येथे प्रथा असून पाणी मिसळलेल्या तांबड्या मद्यास ‘बेव्हांडा’ म्हणतात. माली स्तोन उपसागरातील कालवे, पाग बेटावरील मेंढीच्या दुधाचे चीज आणि निखाऱ्यांनी आच्छादलेल्या घुमटाकार झाकणाखाली शिजविलेले ‘पेका’ हे पदार्थ प्रवाशांत विशेष प्रिय आहेत. त्सर्ल्येनाकची आता पुन्हा लागवड होत असून तिचे मद्यही तेथे मिळते.